शिडाच्या बोटीवरून गादे मोजायला जायचंय?

मागच्या डिसेंबरात देवगड ते वेंगुर्ला या पट्ट्यात एका शिडाच्या बोटीवर मी ९ दिवस काढले. काम डॉल्फिन आणि देवमासे मोजण्याचं. मानधन नाही, उलट जेवणखाणाचा आणि डिझेलचा माझा वाटा मीच भरला. मी कणकवलीची, बँकेत नोकरी करणारी. समुद्र माझ्या वाट्याला आला तो रविवारी संध्याकाळी भेळ खाण्यापुरता. परत आल्यावर लोकांनी दोनच प्रश्न विचारले. "किती दिसले?" आणि "आम्हाला जाता येईल का?" पहिल्याचं उत्तर असं की ९ पैकी ४ दिवस माझ्या तक्त्यावर भोपळा आहे. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहायला घेतलं.

आपल्याकडचे मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. बोटीवर आठवडाभर राहिलात की तुम्हीही तेच म्हणायला लागाल.

१. आधी काम काय आहे ते समजून घ्या

तारकर्लीला किंवा गुहागरला पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या असतात. त्यात गादा जिथे, तिथे होडी जाते. सर्वेक्षणात याच्या उलट. नकाशावर आधीच रेघा मारलेल्या असतात, किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे आणि परत किनाऱ्याकडे, अशा तिरक्या. बोट त्या रेघेवरून जाते. गादे रेघेपासून दोन किलोमीटरवर नाचत असले तरी बोट तिकडे वळत नाही. पहिल्या दिवशी याचा मला राग आला होता.

कारण नंतर समजलं. आपण किती किलोमीटर पाणी बघितलं आणि त्यात किती प्राणी सापडले, या दोन आकड्यांवर सगळा हिशोब उभा असतो. जवळचे प्राणी बहुतेक सगळे दिसतात, लांबचे सुटतात. प्रत्येक वेळी प्राणी किती अंतरावर दिसला ते नीट लिहिलं, तर किती सुटले असतील याचाही अंदाज बांधता येतो. या पद्धतीला लाइन ट्रान्सेक्ट म्हणतात. दिसला की तिकडे पळायचं ठरवलं तर हा हिशोबच मोडतो. रिकाम्या तासांची नोंदही तितकीच लागते, कारण भागाकारातला खालचा आकडा तिच्यातूनच येतो.

मग शिडाची बोट कशाला? ती साधारण ५-६ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटरच्या आसपास चालते, डिझेल कमी खाते आणि इंजिन बंद असलं की पाण्यात सोडलेल्या हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनवर, डॉल्फिनच्या शिट्ट्या आणि टकटक ऐकू येते. तोटाही सांगते. मोठ्या जहाजाच्या मानाने आपण पाण्याच्या फार जवळ बसतो, त्यामुळे लांबचं कमी दिसतं. आणि कोकणात सकाळी वारा इतका पडलेला असतो की रेघ धरून चालायला बऱ्याचदा इंजिनच लावावं लागतं. पांढरं फुगलेलं शीड आणि खाली आपण, असा फोटो काढण्यासाठी जाणार असाल तर तो दुपारी निघतो, काम संपल्यावर.

२. मोसम

जून ते सप्टेंबर विसरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद असते, आणि नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र लगेच शांत होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात. नोव्हेंबर २००९ मधलं फयान कोकणातला कुणी विसरलेला नाही. मे महिन्याचंही तेच, २०२१ चं तौक्ते आठवा. माझ्या मते डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वाहते, हलकी आणि थंड. नऊ-दहाच्या सुमारास ती पडते, तासभर पाणी तेलासारखं होतं, आणि दुपारकडे वायव्येचा खारा वारा उठून लाटांना फेस आणतो. म्हणजे मोजणीचा खरा वेळ उजाडल्यापासून फार तर बारा-साडेबारापर्यंत. सुट्टी घेताना २ दिवस जादा घ्या. बंदरावर ३ नंबरचा धोक्याचा बावटा लागला तर बोट सुटत नाही, मग तुमचं परतीचं तिकीट कोकणकन्याचं असो की विमानाचं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आधीच्या आठवड्यापासून रोज बघायची सवय लावा.

३. जागा कशी मिळवायची

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हेब्रिडियन व्हेल अँड डॉल्फिन ट्रस्टची सिलुरियन नावाची शिडाची बोट आहे. तिच्यावर स्वयंसेवक पैसे भरून जातात, काम शिकतात आणि सर्वेक्षण करतात. आपल्याकडे मात्र एखाद्या प्रकल्पाला निधी मिळाला, बोट भाड्याने मिळाली, परवानग्या आल्या की मग माणसं शोधली जातात, आणि तीही ओळखीपाळखीतून. म्हणून विद्यापीठांचे सागरी जीवशास्त्र विभाग, वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि किनाऱ्यावर काम करणारे वन्यजीव गट यांच्याकडे आधीच नाव देऊन ठेवा. ईमेलमध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहा: सलग किती दिवस देऊ शकता, पोहता येतं का, आणि आधी बोट लागली आहे का. "मला लहानपणापासून समुद्राची ओढ आहे" हे वाक्य गाळा. ते सगळेच लिहितात.

प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्या बोटीवर एक शिंपीकाम करणाऱ्या ताई होत्या. कपड्यातली उसवलेली शिवण हेरणारी त्यांची नजर पाण्यावर आमच्या सगळ्यांपेक्षा तेज निघाली.

४. कागदपत्रं

- आधार कार्ड, मूळ आणि दोन झेरॉक्स. सागरी पोलिसांची तपासणी समुद्रातही होते. मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत अंगाजवळ ठेवा.
- पासपोर्ट आकाराचे फोटो. बोटीवरच्या माणसांची यादी आधी द्यावी लागते, तिला लागतात.
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. दमा, फिट, मधुमेह, पाठीचं दुखणं काहीही लपवू नका. किनारा ३ तासांवर असतो.
- जोखीम स्वीकारल्याचं हमीपत्र. सही करण्याआधी वाचा. तुमच्या फोटोंवर हक्क कुणाचा, हे बहुधा त्यातच लिहिलेलं असतं.
- विमा. साध्या प्रवास विम्यात शिडाच्या बोटीवरचं काम धरतात का, हे कंपनीकडून लेखी घ्या.
- विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र, १८ च्या आतले असाल तर पालकांचंही.

परवानग्या काढणं हे आयोजकांचं काम, पण विचारणं तुमचं. डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. तिथे संशोधन म्हणजे वनविभागाचा कागद हवाच. कागद दाखवायला जो कुरकुरतो, त्याच्या बोटीवर चढू नका.

बोटीबद्दल चार प्रश्न विचारा: प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, किनाऱ्याशी आणि इतर बोटींशी बोलायचा व्हीएचएफ रेडिओ चालतो का, कप्तानाकडे प्रमाणपत्र आहे का, बोटीची नोंदणी आणि विमा चालू आहे का. पहिल्यांदा मी ज्या एका बोटीची चौकशी केली होती, तिथे "जॅकेटं आहेत की, खाली ठेवलीत" असं उत्तर मिळालं. खाली म्हणजे बटाट्यांच्या पोत्याखाली. मी गेले नाही.

५. सामान

चाकांची बॅग नेऊ नका. ती ठेवायला बोटीवर जागाच नसते. घडी होणारी कापडी पिशवी, आत सगळं प्लास्टिकमध्ये. किनाऱ्यावरून बोटीपर्यंत छोट्या होडीतून जावं लागतं आणि तिथेच सगळ्यात जास्त भिजायला होतं. माझा एक चार्जर तिथेच गेला.

पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, दोरी असलेली टोपी, दोरी असलेला पोलराइज्ड गॉगल. दोरीशिवाय काहीही नेऊ नका, वारा दान मागतो. पांढऱ्या किंवा बोटीवर डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट. पहाटेसाठी जाकीट, डिसेंबरात मतलईत दात वाजतात हे घरी कुणाला पटत नाही. लाल उजेडाची डोक्याला बांधायची बॅटरी. पेन्सिली, खोडरबर, शार्पनर. ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही. दुर्बीण ७×५० ची. १० पट मोठं दाखवणारी बरी वाटते, पण हलत्या बोटीवर तिच्यातून फक्त थरथर दिसते.

आणि हे नेऊ नका:

सॅटेलाइट फोन. आपल्या देशात परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. परदेशातल्या भावाने कौतुकाने पाठवलेला असला तरी घरीच ठेवा.

ड्रोन. प्रकल्पाची परवानगी असेल तर तो त्यांचा असतो, तुमचा नव्हे. किनाऱ्यावर नौदल आणि तटरक्षक दलाचं लक्ष असतं.

६. बोट लागणे

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

बोट प्रत्येकाला लागू शकते. आमच्याबरोबर २० वर्षं मासेमारी केलेला देवबागचा एक खलाशी होता. त्याला ट्रॉलर कधी लागला नव्हता, पण शिडाच्या बोटीचा एका अंगावर कलून चालण्याचा प्रकार त्याला पहिल्या दिवशी लागला. डोळ्यांना केबिनची भिंत स्थिर दिसते, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, आणि मेंदू या भांडणात पोटाला ओढतो. म्हणून उपाय एकच: वर या आणि क्षितिजाकडे बघा. खाली केबिनमध्ये जाऊन झोपावंसं वाटेल. पूर्ण आडवं होऊन डोळे मिटणार असाल तर ठीक, पण फोन बघत पडलात तर मेलात.

गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री घ्या आणि पुन्हा निघण्याआधी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. बहुतेक गोळ्यांनी झापड येते, तेव्हा घरी एकदा घेऊन बघा. आलेपाक खिशात ठेवा. आमसुलाचं सार किंवा नुसतं आमसूल चघळणं मला उपयोगी पडलं. रिकामं पोट सगळ्यात वाईट. पेज, सुकी चपाती, केळं चालतं. मी निघायच्या सकाळी बंदरावर मिसळ खाल्ली होती. त्या मिसळीचं पुढे काय झालं ते विचारू नका. एवढंच सांगते, ओकायचं ते वारा जिकडे जातो त्या बाजूला आणि कठडा धरून. दोन ते तीन दिवसांत शरीर जुळवून घेतं. तिसऱ्या दिवशी मी पापलेट तळलं.

७. पाळी कशी चालते

दोघं पुढे बसतात, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. प्रत्येकाने नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, आपल्या बाजूच्या काटकोनापर्यंतचं पाणी बघायचं. तिसरी व्यक्ती नोंदी करते. अर्ध्या तासाने जागा बदलतात, मग विश्रांती. अर्धा तास थोडा वाटतो, पण उन्हाच्या चकाकीत विसाव्या मिनिटाला डोळे नुसते उघडे असतात, बघत काही नसतात.

आधी साध्या डोळ्यांनी सावकाश झाडून घ्या, डावीकडून उजवीकडे, जवळून लांब. मध्येच दुर्बिणीने एक फेरी. शोधायचं ते मासा नव्हे. शोधायची ती पाण्याची बिघडलेली घडी: एक काळा ठिपका जो पुन्हा तिथे नाही, एका जागी गोळा झालेले कुरव पक्षी, लाटेच्या उलट दिशेने जाणारी सुरकुती.

काही दिसलं की ओरडू नका. म्हणजे ओरडा, पण कामाचं. "उजवीकडे, ४० अंश, ३०० मीटर, गादे!" असं. कोन मोजायला नाळेजवळ कोनपट्टी बसवलेली असते. नसली तर हात सरळ ताणून मूठ धरा, मुठीची रुंदी साधारण १० अंश. अंतराचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. म्हणून पहिल्या दिवशी बंदरातल्या बोयांवर, म्हणजे पाण्यावरच्या तरंगत्या खुणांवर, सराव करतात: तुम्ही अंदाज सांगायचा, मग जीपीएसवर खरं अंतर बघायचं. माझे ५०० मीटर खरे २८० निघाले.

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच होते. एका बाजूने "गादे!" ऐकलं की दुसऱ्या बाजूचा माणूस आपली जागा सोडून बघायला धावतो. तेवढ्यात त्याच्या बाजूने जे गेलं ते गेलं, आणि कागदावर मात्र त्या बाजूला "काही नाही" असं पडतं. पहिला गादा मला दिसला नाही, कारण मी डावीकडे होते आणि कप्तान माझ्याकडेच बघत होता. गादा उजवीकडून गेला. जीव तुटला, पण बसून राहिले.

दुसरी चूक माझी स्वतःची. तिसऱ्या दिवशी आचऱ्यासमोर मी मोठ्या थाटात पाठीवर पर नसलेला एक काळा प्राणी कळवला, कोन-अंतरासकट. तो देवबागचा खलाशी दुर्बीण न लावता म्हणाला, "गे बाय, गादो नाय तो. बोयो आसा." जाळ्याचा थर्माकोलचा बोया, काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला. नोंद खोडायची नाही, एक रेघ मारून बाजूला खरं काय ते लिहायचं, हा नियम मी त्या दिवशी शिकले.

नोंदवहीत दर अर्ध्या तासाला समुद्राची स्थिती लिहितात, बोफर्टच्या मापाने. ० म्हणजे आरसा, १ म्हणजे नुसत्या सुरकुत्या, ३ ला तुरळक पांढरा फेस, ४ ला सगळीकडे फेस. ३ च्या वर गेलं की आमच्याकडे मोजणी थांबायची. बोट चालू राहते, पण तो वेळ हिशोबात धरत नाहीत. "अजून दिसतंय की" असं म्हणून रेटू नका. फेसात परही फेसासारखाच दिसतो.

संख्या लिहिताना तीन आकडे द्या: कमीत कमी, जास्तीत जास्त, आणि तुम्हाला सर्वांत बरोबर वाटणारा. "१०-१२ होते" असं लिहू नका. सगळे एकदम वर येत नाहीत, म्हणून दोघांनी एकमेकांना न विचारता मोजावं.

८. कोण कोण भेटेल

किनाऱ्याजवळ, विशेषतः कर्लीसारख्या खाड्यांच्या तोंडाशी, भेटतो तो कुबड असलेला डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्याच्यावर छोटा पर. वर येताना बऱ्याचदा आधी चोच दिसते. उथळ पाण्यातला हा प्राणी, म्हणून जाळी आणि बोटींची वर्दळ त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त. जगभरात तो संकटग्रस्त यादीत आहे.

पर नसलेला पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा छोटा चुलतभाऊ, खरोखर असतोही, फक्त माझा तो नव्हता. लहान, गोल डोक्याचा, उडी न मारणारा. समुद्र आरशासारखा असेल तरच दिसतो. बोफर्ट २ झालं की शोधूच नका.

खोल पाण्याकडे बॉटलनोज, आणि नशीब असेल तर हवेत गिरक्या घेणारे स्पिनर. देवमाशांपैकी ब्राइड्स व्हेल, डोक्यावर तीन लांब उंचवटे असलेला. २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासाही दिसला होता. २०१७ च्या शेवटी ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रह टॅग लावलेली लुबान नावाची हंपबॅक देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली होती. अरबी समुद्रातले हे हंपबॅक ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर इथेच राहतात. मला यांच्यापैकी कुणीही दिसलं नाही. उभी शेपटी आडवी हलवत जाणारं धूड दिसलं तर तो व्हेल शार्क, म्हणजे मासा. डॉल्फिन-देवमाशांची शेपटी आडवी असते, वर-खाली हलते.

परांचे फोटो काढायचे असतील तर डावी आणि उजवी, दोन्ही बाजू घ्या. मागच्या कडेवरच्या खाचांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. चेहऱ्याचे गोड फोटो इथे काही कामाचे नाहीत.

९. हात लावू नका, जागा सांगू नका

फोटो टाकायचे तर आठवड्याने, आणि जीपीएसची जागा कधीच नाही. आमच्यातल्या एकाने संध्याकाळीच "निवतीसमोर १४ गादे" असं टाकलं; दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पर्यटकांच्या ५ होड्या होत्या आणि आमच्या त्या दिवसाच्या रेघेचा बट्ट्याबोळ.

पाण्यावर तरंगणारा राखाडी, मेणासारखा गोळा सापडला तर मोहात पडू नका. देवमाशाची उलटी म्हणून ज्याची चर्चा होते ती स्पर्म व्हेलच्या पोटातली, आणि ती जवळ बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. कोकणात अशा प्रकरणांत लोकांना अटक झालेली आहे. वनविभागाला कळवा.

किनाऱ्याला लागलेला जिवंत प्राणी दिसला तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. समुद्रात माणसांवर संकट आलं तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. प्राण्याच्या डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी, वाळू जाऊ देऊ नका, ओलं कापड टाका, सावली करा, गर्दी हटवा. शेपटीला दोर बांधून ओढू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेलं देवमाशाचं पिल्लू मोठ्या खटपटीने खोल पाण्यात नेलं होतं, तरी ते परत आलं आणि दगावलं.

१०. परत आल्यावर

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना घरी पळायचं असतं, आणि नेमके त्याच वेळी तक्ते संगणकात भरायचे असतात. ते बोटीवरच भरा. घरी नेलेल्या तक्त्यावरचं स्वतःचंच अक्षर आठवड्याने वाचता येत नाही. माझा एक १ अजूनही ७ आहे की १, यावर वाद आहे. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं, तिसऱ्याने पडताळायचं.

दुर्बिणीची बाहेरची बाजू गोड्या पाण्यात ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, मीठ भिंगावर ओरखडे पाडतं. कपडे वेगळे धुवा. पुढचे दोन दिवस पलंग हलतो, बाथरूममध्ये डोळे मिटून तोंड धुताना भिंत धरा. मी बँकेत पहिल्या दिवशी काउंटर धरून उभी होते, आणि समोरच्या आजोबांनी विचारलं, "ताई, बरं नाही का?"